तळहात भरून येईपर्यंत

प्रिय दादा,

फुफ्फुसातल्या गाठी निम्म्याने आकसल्या आहेत. आज डॉक्टरीणबाईंनी स्कॅन समोर धरून सांगितलं. थायरॉइडचा कॅन्सर तिथवर पसरला तेव्हा तू म्हणाला होतास, "शिवणाचं दुकान विक आणि माझ्याकडे ये."

कॅन्सरला वाढायला सांगणारा इशारा माझी रोजची गोळी अडवते, पण तिच्यामुळे माझे तळहात सोलून निघतात. कात्री धरवेना, म्हणून कापड बेतायचं काम तुझ्या मेहुण्यांवर सोपवलं. त्यांनी पहिल्याच कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्या कापल्या. गिऱ्हाईक म्हणालं, "वहिनी, उजवा हात घरी ठेवून येऊ का?"

हे ऐकून डॉक्टरीणबाई पोट धरून हसल्या. मग माझे हात पाहून रागावल्या. "हे आधी सांगायचं नाही का? मात्रा कमी करू. गोळी मात्र सोडायची नाही."

आजार जाणार नाही, आवरून ठेवायचा आहे, हेही त्या म्हणाल्या. तेवढंच वाचून तू मला सामानासकट न्यायला टेम्पो घेऊन दारात उभा राहशील, म्हणून हे पत्र टाकत नाही.

उद्यापासून कमी मात्रा सुरू. पंधरवड्यात कातडी भरून येईल, असा त्यांचा अंदाज आहे. मग हे पुन्हा काजं-बटणांवर बसतील आणि बेतायला मी.

दुकानातूनच,
तुझी हट्टी धाकटी