लँडमास्टरमधली किरकिर

३ जानेवारी, बेहाला, कोलकाता

बँकेने बदली करून मला शिक्षा दिली, असं नागपुरात सगळे म्हणतात. सभा गाजवणाऱ्या बाईला गप्प करायचं आणि पाठवायचं कुठे, तर कोलकात्याला! इथे मातीच्या कपातला चहा संपेपर्यंत माणसं दोन सरकारं पाडतात. मला माहेरी आल्यासारखं वाटलं.

वरच्या मजल्यावर सामान लावलं. घरमालक अजेयबाबू खाली एकटेच राहतात. वय अठ्ठ्याहत्तर, धोतर कडक इस्त्रीचं, आवाज इतका हळू की कान पुढे करावा लागतो. मला ‘मा’ म्हणतात, इथे लेकीला म्हणतात तसं. गॅरेजमध्ये त्यांच्या वडिलांची छप्पन सालची काळी लँडमास्टर गाडी उभी आहे. डॅशबोर्डवर रेडिओच्या जागी नुसतं भोक. रेडिओ कपाटात गुंडाळून ठेवलेला. माझ्या बाबांचं रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं, हे कळताच म्हणाले, बसवून दे, मग गाडी तुझीच समज.

चोवीसला नागपूरच्या शाखेतल्या माझ्या सहकारी मुलीची, कादंबरीची, चौकशी. मॅनेजरने अंगावर हात टाकला म्हणून तिने तक्रार केली, आणि निलंबित झाली तीच. मी डोळ्यांनी पाहिलंय. दुसरं कुणी साक्षीला तयार नाही. लेखी जबाब घेणार नाहीत. व्हिडिओवर तोंडी द्यायचा, उलटतपासणीसकट. तोंडी? म्हणजे माझंच मैदान.

६ जानेवारी

रेडिओ बसवला. या जुन्या गाड्यांत बॅटरीचं धन टोक पत्र्याला जोडलेलं असतं, आजच्या बरोबर उलट. ते न पाहता तारा जोडल्या असत्या तर रेडिओ जळालाच असता. कोपऱ्यावर वर्कशॉप असलेले सलीलदा एरियल लावायला आले. मराठी बाईच्या हातात सोल्डरिंगची कांडी पाहून म्हणाले, “दीदी, तुम्ही बँकेत काय करता? माझ्या दुकानात या, निदान कामाचं चीज होईल.” व्हॉल्व्ह तापले, पिवळा दिवा लागला आणि आकाशवाणी बोलू लागली. अजेयबाबूंचे डोळे भरून आले.

मात्र आवाजामागे एक बारीक किरकिर आहे.

९ जानेवारी

किरकिरीचा उगम शोधायचा तर एकेक संशयित वगळत जायचं. इंजिन बंद केलं, तरी किरकिर. म्हणजे डायनॅमो नाही, प्लगही नाहीत. रेडिओला वेगळी बॅटरी दिली, गाडीच्या सगळ्या तारा सोडवल्या. तरी किरकिर. सलीलदा म्हणाले, भूत आहे. मी त्यांना तिथेच पाच मिनिटं सुनावलं की भूत हे आळशी माणसाचं निदान असतं. ते बोनेटवर बोट ठेवून ऐकत राहिले आणि हसत सुटले. मी बोलले की किरकिर चढत होती, थांबले की उतरत होती. “गाडी निर्दोष आहे, दीदी. खराबी तुमच्यात आहे!”

मीही हसले. नंतर एकटीने पुन्हा करून पाहिलं. खरं आहे.

१२ जानेवारी

अजेयबाबूंनी स्वतःहून एक कंडेन्सर आणून दिला. किरकिर गिळायला रेडिओच्या तारेवर लावतात तो. काडेपेटीएवढी पत्र्याची डबी, एका टोकाला तार. वडिलांनी खास करून घेतला होता म्हणे. लावताक्षणी रेडिओ काचेसारखा स्वच्छ झाला.

संध्याकाळी घसा बसला. थंडी असेल.

१५ जानेवारी

थंडी नाही. डॉक्टर म्हणतात स्वरयंत्र ठणठणीत आहे. कादंबरीला फोन केला. मी बोलत होते, ओठ हलत होते, आणि पलीकडे तिचं चाललं होतं: “हॅलो? शकुनताई? ऐकू येत नाहीये... ताई, तुम्ही आहात ना?”

१७ जानेवारी

अजेयबाबूंनी चहाला बोलावलं. आता घर कसं शांत वाटतं, म्हणाले. त्यांची आई फार बोलायची. घरात रोज वाद. वडिलांनी रेडिओ बसवला, तिला रोज गाडीतून फिरवलं, आणि ती निवली. लग्नानंतर त्यांनी बायकोलाही फिरवलं. ती गेल्यावर रेडिओ काढून ठेवला, कारण घरात बोलणारं कुणी उरलंच नव्हतं. हे सगळं त्यांनी गळका नळ दुरुस्त केल्याच्या सुरात सांगितलं. वर मला बिस्किट पुढे केलं.

मी कप आपटला. त्याचा आवाज झाला. माझा नाही.

२० जानेवारी

कंडेन्सर काढायला गेले. डबी कोमट. आत कुणीतरी, अनेक जणी, एकदम बोलत असल्यासारखी थरथर. बाबांनी शिकवलेलं पहिलं काम आठवलं: कंडेन्सरमध्ये जे साठतं ते तसंच राहतं. हात लावण्याआधी तार डबीच्या पत्र्याला टेकवून रिकामा करायचा. नाहीतर साठलेलं सगळं हातातून जातं.

आई. बायको. मी. किती वर्षांचं—

अजेयबाबू दारात होते. मला बाहेर काढून त्यांनी गॅरेजला कुलूप लावलं. माझी हत्यारं घेऊन गेले. अतिशय नम्रपणे.

२२ जानेवारी

पोलिसांना लिहून दिलं. हवालदाराने घरी येऊन कागद वाचला, माझ्याकडे पाहिलं, अजेयबाबूंना नमस्कार केला आणि निघून गेला.

गप्प बाई सगळ्यांना आवडते. मला माहीत होतं. पुस्तकांत वाचलं होतं, भाषणांत ओरडून सांगितलं होतं. पण खरं कळलं ते आज. बरं झालं कळलं. आता आणखी चीड आहे.

२४ जानेवारी, सकाळी अकरा

गॅरेजचं कुलूप विटेने फोडलं. दार आतून लावलंय, मागे गाडीचा जॅक. लॅपटॉप बोनेटवर. पडद्यावर कादंबरी, रात्रभर न झोपलेली. मॅनेजर हसतोय.

चौकशी समितीच्या अध्यक्षांनी दोनदा विचारलं, साक्षीदार हजर आहे का. मी हात वर केला. ते म्हणाले, तोंडाने सांगा.

अजेयबाबू दार ठोकताहेत. आयुष्यात पहिल्यांदा ओरडताहेत. म्हणे बायकोनेही हेच केलं होतं, म्हणे ती जागीच—

म्हणजे ती कशाने गेली ते आज सांगितलंत, अजेयबाबू.

डबी डाव्या हातात. तापलीये. स्क्रू-ड्रायव्हर नाही. तार तोकडी, डबीच्याच पत्र्यापर्यंत वळत नाही. मध्ये काहीतरी धातूचं हवं.

अध्यक्ष तिसऱ्यांदा विचारताहेत. कादंबरीने डोळे मिटले.

सगळ्या जणींनो, माझ्या तोंडून बोला. एकेक करून नको, एकदम. पण आधी कादंबरीचं—

हे पेन पितळेचं आहे, म्हणजे साठलेलं सगळं माझ्या हातातूनच येईल. याच्याच टोकाने आता तार डबीला टे