पडलं नाही, चोरलं

मैलूर, बीदर
१९५२

ती. अण्णा, शरणार्थ.

गळ्यात इष्टलिंग बांधताना अव्वा म्हणाली होती, "पोरी, जीव गेला तरी हे आंगावेगळं करू नगंस." मी कधी केलं नाही. बाजाराच्या गर्दीत त्या माणसानं माझ्या पदराखाली हात घातला, दोरा तोडला आणि चांदीच्या डबीसकट लिंग नेलं. त्याचं तोंड मी पाहिलंय.

ठाण्यात मी तोंड उघडायच्या आत तुम्हीच बोललात, "साब, कहीं गिर गया होंगा."

जमादार हसला. "बाई, देव सांभाळता येईना, घर कसं सांभाळायलात?"

तुम्हीही हसलात. बाहेर आल्यावर मला म्हणालात, "हात कुठं लागला ते चारचौघांत सांगणार हाईस व्हय? नवं घेऊ."

स्वामींनी नवं लिंग दिलं. पण गावात मी निष्काळजी ठरले आणि तो मोकळा फिरायलाय. काल शेजारची निलम्मा बाजारातून रिकामा गळा दोन्ही हातांनी झाकून आली. विचारलं, तर रडत म्हणाली, "माझंबी पडलंच म्हणू का, अक्का?"

मी "न्हाई" म्हणाले.

उद्या आम्ही दोघी ठाण्यात जातोय. हात कुठं लागला ते मी सांगणार आहे. तुमच्यासमोर हे बोलवत नाही, म्हणून लिहितेय. आधीचं पत्र चुलीत घातलं, कदाचित हेही जाईल.

अण्णा, तुम्ही नाहीच म्हणाल. तरी उद्या ठाण्यात या, आणि त्या दिवशी आपण खोटं बोललो, एवढं जमादाराला सांगा.

तुमची धाकटी बहीण,
शिवगंगा