मुरारीच्या मापाचा ओंडका

दिघोरी
५ ऑगस्ट, मंगळवार

ज्योत्सना बेटी,
तुले सासूचा आशीर्वाद.

तं शनिवारी सगळ्यात पहिले आली शेजारची आनंदाबाई, चहाच्या वासानं. ते बसत नाई तं दारात स्कूटी थांबली, अन् उतरली कोण, तं आपली गुंजन! मांगं तिची मैतरीण रंजू, चष्मेवाली. आनंदाबाई म्हणते, "घरी पाहुण्या आल्या, आता तरी चहात साखर टाक."

मी बरी आहे. धानाचं रोवणं आटोपलं, गुडघा दुखते, शेळीले दोन पिल्लं झाले. फोन कायले नाई केला म्हणशीन. फोनवर तू "बरं आहे न" म्हणते, मी "हो" म्हणते, मंग दोघीबी चूप. चवथी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, सांभाळून वाच.

गुंजननं तुले सांगितलं असन का आयटीआयत जादाचे तास आहेत म्हणून भंडाऱ्यालेच राहतो. तास नव्हते. तीन दिवस इथं होती. तिच्यावर रागावू नको, पहिले सगळं वाच.

आल्याबरोबर पोट्टी भात्याच्या खोलीत, बापाच्या लोहारकीच्या जागी, घुसली. ते लहानी ऐरण, जिच्यावर मुरारी इळ्याले दाते पाडे, ते तशीच होती. पण खालचा ओंडका उदई-वाळवीनं खाल्लेला. हातोडा मारला का ऐरण नाचे. म्हणते, "आजी, नवा ओंडका पाहिजे. धान कापाच्या आधी मले इळे कराचे आहेत. शिकणं झालं का मी इथंच राहीन, बाबाचं काम करीन."

गावात चर्चा झाली, म्हातारीले आनंद झाला. झालाच. घरोघरी चिवडा वाटला, हासली. पण बेटी, पाय बधिर झाला का आपलाच पाय दुसऱ्याचा वाटते न, तसं ते हासू होतं. मुरारी गेला त्याले आता दोन वर्षं होतीन, तवापासून असंच आहे. रडूबी येत नाई.

टेकचंद सुताराले बोलावलं. मी सागाचा तुकडा दाखवला तं म्हणाला, "साग खुर्चीले, काकी. ठोक्याखाली बाभूळच टिकते." बाभळीचा बुंधा आणला. शिरा उभ्या राहतीन असा धरला, म्हणजे घाव सरळ जमिनीत उतरते. मंग म्हणे, "माप द्या."

तुले तं माहीतच आहे आपल्या घरची रीत. काम करणारा सरळ उभा राहते, मूठ खाली सोडते, मुठीपासून जमिनीपर्यंत बांबूची काडी कापतेत. तेवढ्या उंचीवर ऐरणीचं तोंड. मी छपरात खोचलेली काडी काढली अन् देली. विचारच नाई केला.

टेकचंदनं त्या मापानं ओंडका कापला, दोन वीत जमिनीत गाडला, भवताल गिट्टी-माती ठोकून भरली. हत्तीनं लोटला तरी हालाचा नाई. रंजू त्याच्यावर चढून पाहाले गेली तं आनंदाबाई ओरडली, "ऐरणीच्या जागेवर पाय देते का व, भवाने!" पोट्टी अशी उतरली का चष्मा एकीकडे, चप्पल एकीकडे.

ऐरण बसवली. गुंजननं पहिला घाव मारला. तिचा खांदा कानाले लागला अन् हातोडा सरकला. दुसरा घाव, तसाच.

टेकचंद म्हणे, "काकी, माप कोणाचं देलं?"

मंग मीच म्हटलं, "मुरारीचं."

त्याले वाटलं म्हातारी आता रडन. घाईघाईनं म्हणाला, "राहू द्या, पोरीच्या पायाखाली फळी टाकू." गुंजनबी म्हणे, "चालते आजी, मी फळीवर उभी राहीन." टाकली फळी. ओंडका जागचा हालत नव्हता अन् माही पोरगी हालून राहिली होती.

बेटी, तुले एक सांगाचं राहिलं आहे.

मुरारी गेला त्या दिवशी आभाळ भरलं होतं. तू मुरारीले म्हटलं, लाखांदूरच्या बाजाराले जाऊ नको. तेरवी झाल्यावर माहेरी जाताना तू दारात बोलली, "एवढं एक आयकलं असतं तं." त्यानं आयकलं होतं. तू पाण्याले गेली तवा त्यानं गाडीवरून इळ्याचं पोतं उतरवलं, चपला काढल्या, बसला. मी म्हटलं, "बायकोच्या पदराले बांधला का रे? गिऱ्हाइकं वाट पाहून राहिले, जा." तो गेला, अन् वाटेत ट्रकखाली आला.

तू दारात बोलत होती तवा मी भाजी निवडत होती. तवाच सांगाले पाहिजे होतं. नाई सांगितलं. भाजी निवडत राहिली.

तं टेकचंदनं टाकलेली ते फळी मी काढून आंगणात फेकली. गुंजनले भुईवर सरळ उभं केलं, तिची मूठ धरून नवी काडी कापली. टेकचंदले म्हटलं, "उकर, अन् काप." ओंडका चार बोटं कमी झाला. आता तिचा घाव सरळ बसते.

तिले इथं राहू द्याचं का नाई, हे तू सांगाचं. तू नाई म्हटलं तं मी खोलीले कुलूप लावीन अन् तिच्यासमोर तुह्याच बाजूनं बोलीन. रागावाचं असन तं माह्यावर रागाव, मुरारीवर नको. इथं येऊन रागावली तं आणखी बरं.

पोरी काल गेल्या. तान्ह्या पोळ्याच्या सणाले वापस येतो म्हणाल्या.

तुह्या मुरारीची माय,
गोदावरी