यल्लाप्पाच्या पदकाबाबत माझे शेवटचे म्हणणे

मी, कमांडर आकाराम ज्ञानू कोलेकर, नौदलातून निवृत्त, वय ६९, मूळ गाव नेसरीजवळची वाडी, सध्या राहणार कसबा बावडा, कोल्हापूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे, डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. माझ्यावर कुणाचा दाब नाही. पत्नी चिमणाबाई शेजारी लसूण सोलत बसली आहे आणि मध्ये मध्ये बोलते आहे. त्याला दाब म्हणायचे की नाही ते वकिलांनी ठरवावे.

१. बावड्याचा बंगला चिमणाबाईचा. तिच्या हयातीत मुलगा ऋतुराज याने तो विकण्याचे नावही काढू नये.

२. वाडीची दीड एकर जमीन मुलगी तेजस्वी हिला. ऋतुराजला राग येईल. येऊ दे. मी दवाखान्यात असताना त्याने पुण्याहून फोन केले, ही रात्रीची एसटी धरून आली.

३. समारंभाची तलवार ऋतुराजला. गावातल्या नवरदेवांना मिरवायला देत बसू नये.

४. धाकटा भाऊ बाळासो यास माझी आरामखुर्ची. मी चौतीस वर्षे समुद्रावर उभा राहिलो आणि हा गावच्या सोसायटीच्या चेअरमनच्या खुर्चीत बसून ‘आण्णा’ झाला. वाढदिवसाला चौकात त्याचे फलक लागतात. माझा एकदाही लागला नाही. त्याची बसायची सवय मोडू नये म्हणून ही खुर्ची.

५. आता यल्लाप्पा सत्तू कांबळे. हा आमच्याच वाडीच्या बौद्ध वस्तीतला, शाळेत माझ्या दोन वर्षे मागे, पुढे माझ्याच जहाजावर खलाशी.

१९७८ साली कारवारच्या पुढे वादळात मच्छीमारांची होडी उलटली. डेकवर मी अधिकारी होतो. समुद्र बघून मी हुकूम दिला, कुणीही पाण्यात उतरायचे नाही. यल्लाप्पाने कमरेला दोर बांधला आणि उडी टाकली. चौघांना वर आणले. मी कठडा धरून उभा होतो. माझे पाय हलत नव्हते.

अहवालात मी लिहिले, ‘माझ्या आदेशावरून.’ नौदलात सगळे कुणाच्या तरी आदेशावरूनच होते, तसे लिहायची रीतच आहे. खरे लिहिले असते तर हुकूम मोडला म्हणून त्याच्यावर कारवाई झाली असती. मी त्याला वाचवले, असे इतकी वर्षे स्वतःला सांगत आलो. त्याला तोंड उघडायची सोय राहिली नाही, हे मात्र कधी सांगितले नाही. त्याला शौर्यपदक मिळाले, मला चार ओळींचे प्रशस्तिपत्र. ते पदक त्याच्या छातीवर दिसले की मी वाट बदलायचो.

१९९६ ला मी कोल्हापूरच्या पेपरात लिहिले की आदेश माझा, म्हणून मान माझा. तीन महिने पत्रापत्री चालली. १९९९ च्या सव्वीस जानेवारीला गावच्या शाळेने झेंडा फडकवायला त्याला बोलावले. माझी खुर्ची पहिल्या रांगेत होती. तो दोरीला हात लावणार तेवढ्यात मी उठून चालू लागलो. दुसऱ्या दिवशी बातमी, ‘निवृत्त नौदल अधिकाऱ्याची ध्वजाकडे पाठ’. ज्या झेंड्याखाली हयात घालवली, त्याच्यावरून मला शिव्या बसल्या. २००३ ला शाळेच्या नव्या सभागृहाला त्याचे नाव द्यायचा ठराव झाला. मी लेखी हरकत घेतली. तीन वर्षे पाटी कोरी आहे.

यात जातीचा संबंध नाही, असेही मी पेपरात छापून आणले होते. होता. आमच्या भावकीतल्या कुणी उडी टाकली असती तर मी इतका जळलो नसतो.

खरा वृत्तांत सही करून लिफाफ्यात घातला आहे. मी गेल्यावर ऋतुराजने तो ग्रामसभेत वाचावा आणि हरकत मागे घ्यावी. चिमणाबाई म्हणते, “जित्तेपणी सांगा की! मेल्यावर तोंड दावाय लागत न्हाय, म्हणून व्हय? आणि त्यो आदी गेला तर? छातीचं दुखणं हाय त्याला.” मी तिला सांगितले की मी दोन वर्षांनी मोठा आहे, पहिला नंबर माझाच. पण मी जिवंत असताना त्याच्या नावाची पाटी लागलेली मला बघवणार नाही. हे मी शुद्धीवर लिहितो आहे.

ठिकाण : कसबा बावडा. दिनांक : ११ जून २००६.
सही : आ. ज्ञा. कोलेकर
साक्षीदार : १) डॉ. अतुल नांदवडेकर २) केरबा दळवी, शेजारी

पुरवणी

यल्लाप्पा २ ऑगस्टला गेला.

मातीला गडहिंग्लजपासून माणसे आली होती. मी डोकी मोजत उभा होतो आणि माझ्या वेळी किती येतील त्याचा अंदाज काढत होतो. खोटे कशाला लिहू.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी मी लिफाफा फोडला आणि सगळ्यांसमोर उभा राहून वाचला. कुणी शिवी दिली नाही, कुणी शाबासकी दिली नाही. त्याची बायको सरुबाई म्हणाली, “सायेब, त्यास्नी ठावं हुतं. दोर धरून वर येताना त्यांनी तुमाला बघितलंतं. घरात कुणाला बोलू दिलं न्हाय. ‘सायेबबी भ्यालतं, मीबी भ्यालतो,’ एवढंच म्हनायचे.”

मी खाली बसलो. तोही भ्यालेला होता, आणि तरी गेला. याचा मला पदकापेक्षा जास्त हेवा वाटला.

कलम ५ मधील लिफाफ्याची सूचना रद्द समजावी. हरकत मागे घेतल्याचा अर्ज काल मी स्वतः जाऊन दिला. या पुरवणीवर साक्ष घालावी म्हणून मी सरुबाईंकडे गेलो. त्यांनी ती माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. मग म्हणाल्या, “सही करते. पर माफ केलं आसं कुटं लिवू नगासा.”

तसे कुठेही लिहिलेले नाही.

ठिकाण : वाडी, ता. गडहिंग्लज. दिनांक : २० ऑगस्ट २००६.
सही : आ. ज्ञा. कोलेकर
साक्षीदार : १) चिमणाबाई आकाराम कोलेकर २) सरुबाई यल्लाप्पा कांबळे