अकरा जणांची एकच तारीफ

जत, ८ सप्टेंबर २०२५

ती. नाथाजीमामांस, रेश्माचा शि. सा. नमस्कार वि. वि.

फोनवर मला रडू येतं आणि तुम्ही ओरडता, म्हणून पत्र. घोंगड्यांचं आपलं ऑनलाइन दुकान कंपनीनं परवा बंद केलं. खातं सस्पेंड! कारण काय, तर खोटे रिव्ह्यू. आता दिवाळीच्या ऑर्डरी यायच्या, आणि आपली घोंगडी विणणाऱ्या बनुबाईच्या घरचा माग थांबलाय. खातं उघडलं नाही तर दसऱ्यानंतर तिचं सगळं घर ऊसतोडीला जाणार. मग गावात घोंगडी विणायला कुणी उरत नाही.

आमचा माल अस्सल आहे, कुणीतरी जळून तक्रार केली असेल, असं मी अपिलात तावातावानं लिहिलं. दोन तासांत फेटाळलं. हे म्हणतात, दुसऱ्या नंबरवरून नवं खातं काढू. काढू का?

मामींना नमस्कार. भाचीवरची माया पातळ करू नका.

तुमची रेश्मा

सातारा, १३ सप्टेंबर २०२५

चि. रेश्मास अनेक आशीर्वाद.

पत्र मामीला वाचून दाखवलं. पोरी, जळणारं कोण न्हाई. हे मीच केलंय.

भाचीचं दुकान चालावं म्हणून पलटणीतल्या दोस्तांच्या नावानं अकरा घोंगडी मागवली. सगळी माझ्याच पत्त्यावर; माल कंपनीच्या गोदामातून येतो, म्हणून तुला पत्ता दिसला न्हाई. अकराही रिव्ह्यू मीच लिहिले, घरच्याच वायफायवरून, आणि अकराही ठिकाणी एकच वाक्य: लय उबदार. खरं सांगतो, एकही घोंगडं अजून पिशवीतून काढलेलं न्हाई. अठ्ठावीस वर्षं नोकरी केली, पण एवढी लाज कवा वाटली न्हाई.

नवं खातं अजिबात काढू नको. बँक तीच, पत्ता तोच, लगेच सापडशील आणि दोन्ही जातील. फौजेत जबाब देतात तसं लिही: काय झालं, कुणी केलं, काय दुरुस्त केलं, पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार. रडगाणं नको, कुणावर आळ नको. लोकरीच्या पावत्या आणि मागाचे फोटो जोड. माझं नाव स्पष्ट घाल, नातं पण. लाजू नको, मला वाचवू नको.

मामाचा राग येऊ दे, पण पत्र थांबवू नको.

नाथाजी

जत, १ ऑक्टोबर २०२५

ती. मामांस शि. सा. नमस्कार.

काल खातं उघडलं! तुमचं नाव आधी खोडलं, पण पुन्हा लिहिलं. घरच्यांनी दुकानातून काही घ्यायचं नाही, रिव्ह्यू लिहायचा नाही, हेही कबूल केलं.

अकराही रिव्ह्यू त्यांनी काढून टाकले. आता दुकानावर एकच उरलाय, नाशिकच्या कुणा बाईंचा. लिहितात, घोंगडं अंगाला टोचतं, पण कंबरदुखीला बरं वाटतं, सासूबाई सोडायलाच तयार नाहीत. तीनच स्टार दिलेत. मी घाबरत घाबरत बनुबाईला वाचून दाखवलं. तिनं दोनदा वाचायला लावलं. म्हणाली, टोचणारच की, लोकर हाय ती. पण आवं, त्या म्हातारीनं खरंच अंगावर घेतलंय. आणि उठून मागावर बसली.

असाच लोभ ठेवा, पण आता तो पत्रातूनच कळवत चला.

तुमची रेश्मा