सातव्या दारावरचा कोरा दगड

३ ऑक्टोबर १८७४
एक तक्रार नोंदवून ठेवतो. निराधार वृद्धांना आसरा देणाऱ्या आमच्या धर्मगृहाच्या वास्तुशिल्पज्ञाने टोकदार कमानी, सहा त्रिकोणी शिखरे आणि राजवाड्याला शोभतील अशी धुरांडी उभारली. पण खिडकीची कड इतकी उतरती ठेवली की माझी कपबशी आज तीनदा मांडीवर येऊन बसली. बाकी सर्व उत्तम! पंचावन्नाव्या वर्षी माझ्यासारख्या लॅटिनच्या मास्तराला आयुष्यभराचे घर, कोळसा आणि निळा झगा. जागा बहीण हेस्टरच्याही नावे आहे. तिला दुसरे छप्पर नाही. महिनाअखेर येईल.

प्रत्येक दाराच्या कमानीशी दगडी मुखवटा आहे: कुठे राजा, कुठे बिशप. माझ्या सातव्या दारावर नुसता कोरा दगड. शेजारी टॅप्सकॉट म्हणाला, "पाथरवट इथवर आला नि पळाला. मास्तर, तुमचं तोंड आधीच दिसलं असेल त्याला!"

९ ऑक्टोबर
माझ्या दारावरच्या कोऱ्या दगडावर कान उमटले आहेत. पावसाला इतकी कलाकुसर जमत नाही. आज प्रार्थनेची घंटा मला ऐकू आली नाही. कसलाच आवाज नाही. व्यवस्थापक क्रूमसाहेबांनी पाटीवर लिहिले की इथे साऱ्याच बंधूंचे, म्हणजे आम्हा रहिवाशांचे, कान जातात. टॅप्सकॉटने खाली भर घातली: "सुटलात, मास्तर. प्रवचन चुकलं."

१२ ऑक्टोबर
आता ओठ. घट्ट मिटलेले. माझे तोंड उघडते, पण आवाज नाही. उंबऱ्यावर दगडाची ताजी भुकटी.

१३ ऑक्टोबर
हेस्टरला लिहिले, येऊ नकोस. इथली पत्रे क्रूमसाहेब वाचूनच धाडतात. त्यांनी ममतेने एक ओळ जोडली: भावाचे भान सुटत आहे, तातडीने यावे. हे मला पाटीवर कळवलेही. आभाराची अपेक्षा असावी.

१५ ऑक्टोबर
फाटकापर्यंत गेलो. टॅप्सकॉटने दंडाला धरून आणले. पाटीवर: "दम धरा हो, उद्या येतायत ताई." दगडावर पापण्या — मिटत चाललेल्या —

१६ ऑक्टोबर
ओळी दिसत नाहीत. स्टुलावर चढून दगड चाचपला. नाक माझेच. कमानीच्या दुसऱ्या टोकालाही एक दगड — कधी लक्ष गेले नव्हते — गुळगुळीत. नाही. कान आहे. लहान. पाळी चिरलेली, हेस्टरची आहे तशी —

खरे सांगायचे तर अंधाराची मला एवढी भीती नाही. हेस्टर बाहेरून हाक मारील. मी ओ देऊ शकणार नाही. मग काळजीने ती आत —