बिअरला पस्तीस मार्क

सातारा, ४ एप्रिल १९७४
स्टँडजवळ बिअर बार निघतोय. महिला मंडळाच्या दारूबंदी कमिटीची अध्यक्ष मी. रविवारी आमच्याच अंगणात सभा, मग ठराव, मग मोर्चा. पुस्तक न वाचता त्यावर बोलणाऱ्या प्राध्यापकांचा मला बी.ए.पासून तिटकारा. म्हणून आमच्या यजमानांच्या, म्हणजे रिटायर्ड सुभेदारांच्या, मिलिटरी कँटीनच्या कोट्यातली एक बाटली घेतली. फक्त एक चमचा, औषधासारखा.
रंग कावीळ झाल्यासारखा. चव म्हणजे कडुलिंबाच्या काढ्यात सोडा. शंभरपैकी पाच.

५ एप्रिल
चमच्याने न्याय होत नाही. फुलपात्रात घेतली. कोमट होती. कोमट तर सरबतही वाईट लागतं. वीस. फेरपरीक्षा घेणं भाग आहे.

६ एप्रिल, दुपार
ताकाची चरवी सोडतो तशी बाटली दोराने विहिरीत सोडली. सोबत खारे शेंगदाणे. फेस बरा. कडू आहे, पण मेथीही कडूच असते. पस्तीस. काठावर पास. ठराव मात्र ठाम.
सुभेदारांना कोटा कमी दिसतोय. फौज सुटली, मोजदाद सुटली नाही.

संध्याकाळ
निकाल पडताळला. बेचाळीस. जरा पडले. स्वयंपाक सुभेदारांनी केला. आमटी सपक.

७ एप्रिल
भाषण उत्तम झालं. बाईमाणसाची जीभ हे विष आपोआप झिडकारते, असं ठणकावून सांगितलं. ऊन कडक, म्हणून शेजारची हरणाबाई, आमची चिटणीस, ताक काढायला विहिरीवर गेली. तिने नेमका दुसरा दोर ओढला. वर बाटली आली.
मी डगमगले नाही. म्हटलं, पुरावा म्हणून मीच ठेवलीय, प्रत्येकीने चमचाभर चाखा. चाखली. एकजात तोंडं वाकडी. साळूबाई तर पायरीवरच थुंकली. मुद्दा सिद्ध.
मग मलाही आग्रह झाला. अध्यक्ष म्हणून घोट जरा मोठा घेतला. सगळ्या माझ्याकडे बघत राहिल्या.
हरणाबाई म्हणाली, "बाई, तुमचं त्वांड कसं वाकडं झालं न्हाई?"

८ एप्रिल
ठराव एकमताने मंजूर. प्रकृतीच्या कारणावरून मी राजीनामा दिला, असं ठरलं. ठरवलं त्यांनी. अध्यक्ष आता हरणाबाई. मोर्चा बारकडे जाताना आमच्या दारावरून जाणार आहे.
सुभेदारांनी कपाटाला कुलूप लावलंय. दुपार भयंकर तापलीय. हरणाबाई विहिरीतलं ताक देऊन गेली. थंडगार. घरच्या दह्याचं.
शंभरपैकी पाच.